समान असेल तर थांबावे

भास्करराव,

तुमच्या बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, मी आलो होतो. पांढरी चादर, मोगऱ्याचा हार, कुठल्याशा लग्नात काढलेला तुमचा हसरा फोटो, सगळे इथल्या रीतीप्रमाणे होते. लोक येत होते, हात जोडत होते, थोडा वेळ बसून उठत होते. मी हात जोडले नाहीत. चालू वादातून एका पक्षाने न कळवता निघून जाणे मी कोर्टातल्या नोकरीत कधी खपवून घेतले नाही; शेजाऱ्याने केले म्हणून ते क्षम्य ठरत नाही. मी तिथे बसलो तो तुमचा निषेध म्हणून बसलो. फोटोला तोंडावर काही सुनावण्याची सोय नसल्यामुळे लेखी कळवतो आहे.

तुमच्या फोटोशेजारी उभे राहून आपले चेअरमन परेशभाई बोलले. "भास्करभाईए आपणने जे यादी बनावी आपी छे, ए एमनी छेल्ली निशानी छे. एमां कोईए हाथ नथी लगाडवानो." सगळ्यांनी माना डोलावल्या. चुकलेल्या कागदाला शेवटची खूण म्हटले की तो बरोबर ठरतो, असा नवा कायदा त्या चादरीवर बसल्या बसल्या मंजूर झाला. मी खिशातून हरकतीचा अर्ज काढला आणि सेक्रेटरीच्या हातात दिला.

"काका, आज?" तो कुजबुजला.

"आजच. हरकतीची मुदत सभेपर्यंत आहे, शोक संपेपर्यंत नाही."

त्याने तो अर्ज फुलांच्या टोपलीखाली सरकवला. तुम्ही असता तर मोठ्याने वाचून दाखवला असतात. महापालिकेला, वीज कंपनीला, सोसायटीला मी लिहिलेले प्रत्येक पत्र तुम्ही खालच्या बाकावर बसून नाटकी आवाजात वाचत असा आणि शेवटी म्हणत असा, "वकील, तुना पत्रले उत्तर नही येत, पण गटार साफ व्हस." मी वकील नव्हतो, कोर्टात अधीक्षक होतो, हे मी तुम्हाला कितीदा सांगितले. तुम्ही मला तुमच्या अहिराणीत सरळ 'तू' म्हणत आलात. मी 'तुम्ही' सोडले नाही आणि आजही सोडणार नाही.

वादाचा विषय पुन्हा मांडतो, कारण तुम्ही तो शेवटपर्यंत हसण्यावारी नेलात. उधन्यातली आपली इमारत पाडून त्याच जागेवर नवी बांधायची आहे. नव्या इमारतीत तळाला गाड्या उभ्या राहणार. पहिल्या मजल्यावर सोसायटीचा हॉल आणि फक्त दोन घरे. बाकी सगळे त्याच्या वर. कोणते घर कोणाचे यावर डोकी फुटू नयेत म्हणून सर्वसाधारण सभेने ठराव केला. मसुदा माझा. जुन्या इमारतीत जो खालच्या मजल्यावर राहतो त्याने आधी निवडावे, आणि एकाच मजल्यावर राहणाऱ्यांत जो आधी सभासद झाला त्याने आधी निवडावे. यात संदिग्ध काहीही नव्हते.

आता माणसे. तळमजल्यावर दुकाने सोडली तर एकट्या विमलबेन राहतात. त्यांनी घर अलीकडे घेतले, म्हणून सभासदांच्या नोंदवहीत त्यांचे नाव शेवटचे. नोंदवहीतले पहिले नाव तुमचे, दुसरे माझे. आपण दोघेही पहिल्या मजल्यावर, आपल्या मागून आलेली आणखी दोन कुटुंबेही त्याच मजल्यावर. म्हणजे निवडीचा क्रम असा व्हायला हवा होता: विमलबेन, मग तुम्ही, मग मी, मग ती दोन कुटुंबे. तुम्ही संगणकावर करून फलकावर चिकटवलेल्या यादीत होते: विमलबेन, मग मी, मग ती दोन कुटुंबे, आणि त्यांच्या मागे तुम्ही.

विमलबेन पहिल्या मजल्यावरच्या दोनांपैकी एक घर घेणार हे उघड होते. उरले एक. शालिनी एकदा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हापासून ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. आणि गुडघ्यांमुळे एका मजल्याहून जास्त जिने तिला चढवत नाहीत. ते उरलेले घर मिळाले तर माझी बायको भाजी आणायला, देवळात, मैत्रिणीकडे जाईल. न मिळाले तर ती घरात बसेल. हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते. तुम्हाला सर्वांत जास्त ठाऊक होते, कारण रोज संध्याकाळी तिला हात देऊन जिना उतरवणारे तुम्हीच होतात. म्हणजे तुमच्या चुकीने मला नेमके तेच दिले जे मला हवे होते. एवढा अपमान माझ्या विरोधकांनीही माझा कधी केला नाही.

सवयीने चूक झाली असे तुम्ही सुचवलेत. ती चूक होती यावर माझा विश्वास नाही, आणि पुरावा तुम्हीच मला देऊन ठेवला आहे.

मेंढीकोट खेळताना आपण पत्ते कसे लावायचो हे आठवा. पत्ता आला की मी तो लगेच त्याच्या जागी खोवायचो. उजवीकडून एकेक पत्ता पाहत यायचे, मोठा असेल तो सरकवायचा, लहान किंवा तेवढाच भेटला की थांबायचे आणि तिथे नवा पत्ता ठेवायचा. तुम्ही मात्र सगळे पत्ते वाटून होईपर्यंत हात लावत नव्हतात. मग पंखा उघडून पूर्ण न्याहाळायचात, सर्वांत लहान पत्ता शोधायचात, तो पहिल्या जागी आणि पहिल्या जागेवरचा त्याच्या जागी. मग उरलेल्यांतला सर्वांत लहान, दुसऱ्या जागी. असे शेवटपर्यंत. डाव खोळंबायचा.

"याला नाव शे," तुम्ही एकदा म्हणालात. "तू करस ती घुसवण्याची रीत, मी करस ती निवडीची. क्लासमधल्या पोरांना पहिल्या महिन्यात हेच शिकवतो."

तिसरीही तुम्ही त्याच बाकावर दाखवलीत, बुडबुड्यांची. शेजारच्या दोघांनाच एकमेकांशी ताडून पाहायचे, क्रम उलटा असेल तर अदलाबदल करायची, पुढच्या जोडीकडे जायचे. टोकाला पोचलात की पुन्हा पहिल्यापासून. एक पूर्ण फेरी अदलाबदलीशिवाय गेली की काम संपले. मी म्हणालो होतो, ही तर आपल्या सोसायटीची रीत झाली. संपूर्ण इमारत कोणालाच दिसत नाही, जो तो फक्त शेजाऱ्याशी भांडतो, आणि गोंगाट करत करत शेवटी सगळे जागेवर येतात. तुम्ही इतके हसलात की विमलबेनने खिडकी उघडून विचारले, "शुं थयुं, भास्करभाई?"

पण निवडीच्या रीतीवर मी हसलो नाही. तेव्हापासून आपला खटला सुरू आहे. माझा आक्षेप असा होता की या रीतीत सर्वांत लहानाला मानाने जागा मिळते, परंतु त्या जागेवर आधी बसलेल्याचे काय? त्याला उचलून थेट तिथे फेकले जाते जिथून तो लहान पत्ता आला. मधल्या कोणाशीही त्याची तुलना होत नाही. त्याला नोटीस नाही, त्याचे म्हणणे ऐकून घेणे नाही. माझ्या रीतीत प्रत्येक नव्या पत्त्याची स्वतंत्र सुनावणी होते.

तुमचे उत्तर ठरलेले. संगणक शिकवायला लागण्याआधी तुम्ही रिंग रोडच्या कापड बाजारात एका गोदामात कापडाचे ताके लावत होतात. "बघायला कष्ट नही लागतस, वकील. उचलायला लागतात. तुझ्या रीतीत एका नव्या ताक्यासाठी वीस ताके सरकवावे लागतात. मी डोळ्यांनी शोधतो, एका जागेसाठी एकदाच उचलतो. पाठ तुटेल नही तुनी कधी, म्हणीसन तुले सुनावणी सुचस."

हा युक्तिवाद मला आजही चीड आणतो. हेही तुम्हीच सांगितले होते की यादी आधीच बरीचशी लागलेली असेल तर माझी रीत झटकन संपते, आणि तुमची मात्र लागलेल्या यादीतही तितकेच शोधत बसते. स्वतःच्या विरुद्धचा मुद्दा स्वतःच देणारा प्रतिपक्ष मला कधी आवडला नाही. त्याच्याशी धड भांडता येत नाही.

आणि मग ती सत्ती. शालिनीने खायला गरम लोचोच्या बश्या आणून ठेवल्या होत्या, तुम्ही त्या बाजूला सारल्यात आणि तीन पत्ते मांडलेत: बदाम सत्ती, इस्पिक सत्ती, किलवर तिर्री. "आता बघ. तुझ्या बाजूने बोलतो." तिर्री सर्वांत लहान, ती पहिल्या जागी आली, बदाम सत्ती तिच्या जागी, शेवटी गेली. इस्पिक सत्ती मधे. "लागले का? लागले. तीन, सात, सात. पण बदाम आधी होती, ती इस्पिकच्या मागे गेली. तुझ्या रीतीत हे होत नाही, बुडबुड्यांतही होत नाही. सारख्यांचा आधीचा क्रम माझी रीत राखत नाही. जिथे तो क्रम महत्त्वाचा, तिथे ही वापरायची नाही. परीक्षेत हमखास विचारतात."

तर मग, भास्करराव, तिर्रीच्या जागी विमलबेन ठेवा, बदाम सत्तीच्या जागी स्वतःला ठेवा आणि इस्पिक सत्तीच्या जागी मला ठेवा. नोंदवही सभासदत्वाच्या क्रमाने होतीच. फक्त मजल्याप्रमाणे लावायची होती, आणि सारख्यांचा क्रम राखायचा होता. तुम्ही तुमची रीत चालवलीत. शेवटच्या ओळीतल्या विमलबेन पहिल्या आल्या आणि पहिल्या ओळीतले तुम्ही नोंदवहीच्या तळाशी जाऊन पडलात, आणि तिथून वर आलात ते आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या मागे. जो माणूस वर्षानुवर्षे पोरांना हा खड्डा दाखवत आला, तो स्वतः त्यात चालता चालता पडला, असे मी मान्य करावे अशी तुमची अपेक्षा होती.

यादी लागली त्याच दिवशी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही उशांना टेकून बसला होतात. श्वास लागत होता आणि तरी चहा मागवलात.

"यादी चुकली आहे."

"मजले बघ. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा. कुठे चुकलं?"

"मजले बरोबर आहेत. माणसे चुकली आहेत."

"मशीनले माणसं नही दिसतस."

"तुम्हाला दिसतात. तुम्ही निवडीची रीत का वापरलीत?"

"सवय शे भाऊ. ताके उचललेले हात शेतस हे."

"आणि बदाम सत्ती?"

तुम्ही कपाकडे पाहिलेत. "चहा पी. थंडा व्हई जाई."

"मी हे स्वीकारणार नाही. ठरावाविरुद्ध मिळालेली जागा मला नको. दुरुस्त करा."

"उद्या करू," म्हणालात, आणि वर हसलात.

उद्या तुम्ही नव्हतात. ज्या माणसाला उद्याची खात्री नाही त्याने तहकुबी मागू नये. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितले होते हे तुमच्या पत्नीने, इंदूवहिनींनी, मला नंतर सांगितले. नवी इमारत उभी राहिलेली तुम्ही पाहणार नव्हतात हे तुम्हाला माहीत होते. मला सोडून तुम्ही सगळ्यांना विश्वासात घेतलेत.

म्हणून मी सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकासमोर जाऊन बसलो. तुम्ही शिकवले होते तेवढे मला येते; तुम्ही मला मंद विद्यार्थी म्हणत असा, तेही नमूद करतो. आधी कागदावर मराठीत मसुदा केला. पहिले नाव जागेवर आहे असे धरावे. दुसऱ्यापासून सुरुवात करावी. आलेले नाव उचलून वेगळे जपून ठेवावे, कारण त्याच्या घरात आता दुसरे नाव सरकणार आहे. मग डावीकडच्या एकेकाला त्याचा मजला विचारत जावे. मजला वरचा असेल तर त्याला एक घर उजवीकडे सरकवावे. जिथे सरकवणे थांबेल तिथल्या मोकळ्या घरात जपलेले नाव ठेवावे. विचारण्यापूर्वी डावीकडे कोणी उरले आहे का याची खात्री करावी, नाहीतर यंत्र भिंतीलाच प्रश्न विचारत बसते. एवढेच. आत एक फेरी, बाहेर एक फेरी, मधे एक अट.

चालवून पाहिले. विमलबेन वर आल्या. त्यांच्याखाली आपल्या मजल्यावरची ती दोन कुटुंबे, त्यांच्याखाली मी, आणि माझ्याखाली, मजल्यावरच्या सगळ्यांच्या मागे, पुन्हा तुम्ही. आपल्या मजल्याची सगळी रांग उलटी. क्षणभर वाटले की तुम्हीच त्या डब्यात बसून हट्टाने मागे सरकत आहात. मी ओळ न ओळ ताडून पाहिली. दोष माझ्या अटीत होता. मी लिहिले होते: डावीकडच्याचा मजला वरचा अथवा तितकाच असेल तर सरकवावा. आयुष्यभर कलमांत 'अधिक अथवा तितकेच' लिहीत आलेल्या हाताने ते दोन शब्द आपोआप घातले. त्या 'तितकाच'मुळे प्रत्येक नवा माणूस आपल्या बरोबरीच्यांना ढकलून पुढे जात होता. मी ती बरोबरची खूण पुसली. वरचा असेल तरच सरकवावा. समान असेल तर थांबावे.

पुन्हा चालवले. विमलबेन. तुम्ही. मी.

तुमच्या नावापुढे आता वारस म्हणून इंदूवहिनींचे नाव येते. सभासद गेला तरी त्याचा क्रम जात नाही, हे कलम आपल्या नियमावलीत आहे आणि तेही माझेच आहे.

नवी यादी मी घरी शालिनीला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली, दोनदा वाचली, आणि परत दिली. "बरोबर केलंत," म्हणाली. "आपण वरचं घेऊ. मी गॅलरीतून रस्ता बघत जाईन." हे वाक्य मला तुमच्यामुळे ऐकावे लागले. तुम्ही मुळात सरळ यादी केली असतीत, तर ते घर आपले नव्हतेच असे आम्ही धरून चाललो असतो. तुम्ही ते आमच्या ताटात वाढलेत, आणि ते माझ्या हाताने मला काढून घ्यावे लागले.

इंदूवहिनींना आगाऊ कळवणे माझे कर्तव्य होते. त्या तांदूळ निवडत होत्या.

"यांची यादी बदलता, भाऊ?"

"बदलत नाही. ठरावाप्रमाणे करतो. विमलबेननंतर लगेच तुमचा क्रम आहे. पहिल्या मजल्यावरचे दुसरे घर तुम्ही घ्या, तुमचा हक्क आहे."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "हक्क म्हणजे मले पाहिजे ते घेता येईन?"

"पाहिजे ते. त्यात कोणालाही हरकत घेता येणार नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

सभेत अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. परेशभाई म्हणाले, "काका, जे गया एमनी साथे पण केस लडशो?" मी म्हणालो, लढेन. मग टेबलावर तीन पत्ते मांडले, बदाम सत्ती, इस्पिक सत्ती आणि किलवर तिर्री, आणि तुम्ही मला जसे दाखवले होते तसे सगळ्यांना दाखवले. तुमच्या हाताला जो सफाईदारपणा होता तो माझ्या हातात नाही, एक पत्ता खाली पडला. पण बदाम सत्ती मागे गेलेली सगळ्यांना दिसली. यादी दुरुस्त झाली. परेशभाईंनी स्वतः सही केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

निवड सुरू झाली. विमलबेननी पहिल्या मजल्यावरचे पहिले घर घेतले. मग सेक्रेटरीने इंदूवहिनींचे नाव पुकारले. त्या उभ्या राहिल्या.

"चौथा मजला. पूर्वेचं."

सेक्रेटरीला वाटले, त्यांना समजले नसावे. "काकी, पहिल्या मजल्यावर एक घर मोकळं आहे."

"माहीत शे. मले वारा लागस. चौथा लिही."

मी उभा राहिलो. काय बोलणार होतो ते मला आता सांगता येत नाही. इंदूवहिनींनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. "भाऊ, मना हक्क शे ना? तुम्हीच सांगितलं, तुम्हालाही हरकत घेता येणार नाही."

मी ठराव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचला. त्यात एकही फट नव्हती. अपिलाची तरतूद नव्हती. मी ठेवली नव्हती. मी खाली बसलो. पुढचे नाव माझे होते, आणि शालिनीने माझ्या आधी उत्तर दिले, "पहिला मजला."

इंदूवहिनींनी ते स्वतःहून केले की जाण्यापूर्वी तुम्ही त्यांना तसे सांगून ठेवले होते, हे मी विचारलेले नाही. आपल्याला जे उत्तर ऐकायचे आहे ते सुचवणारा प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, एवढी शिस्त मी पाळतो. प्रश्न तुम्हालाच होता आणि तो तुमच्यावरच प्रलंबित आहे: ती सवय होती की तुम्ही जाणूनबुजून केलेत? चहा थंड होण्याची सबब पुन्हा सांगू नका.

सभेनंतर पत्ते गोळा करून डब्यात ठेवले. माझ्या रीतीने, एकेक करून. बदाम सत्ती आधी हाताला आली, इस्पिक सत्ती नंतर. ती मी बदामाच्या मागे ठेवली आणि तिथे थांबलो.